भादव्यातलं स्वराज्य

माझ्या दिराला धरून नेलं तेव्हा खरं काय घडलं, हे आमच्या घरात दोघींनाच ठाऊक होतं. मला आणि सासूबाईंना. आणि ते आम्हाला बोलता येत नव्हतं. पुढं जे झालं ते सगळं त्या न बोलण्यातून झालं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आमचं गाव गोरेगावपासून थोडं आत, माळाच्या कडेला. उत्तरेला पैनगंगा. नदीच्या अलीकडं हैदराबादचं राज्य, पलीकडं वऱ्हाड. वऱ्हाडात इंग्रज गेला आणि स्वराज्य आलं, आमच्याकडं आलं नाही. पलीकडच्या गावांत लोकांनी तोरणं बांधली, त्यांची हलगी वाऱ्यावर अलीकडं ऐकू यायची. आमच्याकडं मात्र तीन रंगांचं कापड घरात सापडलं तरी माणूस उचलून न्यायचे. खाकी कपडे घातलेल्या, हातात बंदुका नाहीतर भाले घेतलेल्या टोळ्या गावोगाव फिरायच्या. आम्ही त्यांना खाकीवाले म्हणायचो. ते आले की बाया धान्याच्या कणगीमागं बसायच्या आणि पुरुष वावराकडं निघून जायचे.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा सासूबाई, माझे धनी आणि माझ्याच वयाचा एक दीर, एवढी माणसं होती. सासरे आधीच गेलेले. जमीन कोरडवाहू, खरा आधार मेंढरांचा. घराला लागून मेंढरांचं वाडगं होतं. काट्यांचं कुंपण, आत पावसापुरतं छप्पर. वाडग्याच्या पलीकडं बोळ आणि बोळाच्या पलीकडं पिंजाऱ्याचं घर. खांद्यावर धनुकली टाकून तो गावोगाव कापूस पिंजत फिरायचा, गाद्या-रजया भरून द्यायचा. आमच्या आळीत मुसलमानाचं ते एकच घर. नवरा, बायको आणि एक लेक. बायकोला मी चाची म्हणायचे. पहिल्या वर्षी मला हिवताप भरला तेव्हा सासूबाई मेंढरांमागं असायच्या आणि चाची दिवसभर माझ्या उशाशी बसायची. तिच्या घरचं पाणी मात्र आम्ही पीत नव्हतो. तसा रिवाज होता, आणि त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलंही नव्हतं.

वऱ्हाडात स्वराज्य आलं त्याच्या मागोमाग माझे धनी नदीपार गेले. तिकडं आमच्या भागातल्या जवान लोकांची छावणी होती. निघताना मी विचारलं, "तुमी काहून जाता?"

"इथं माणसाला माणसावानी ऱ्हाता येत न्हाई म्हणून," ते म्हणाले.

दीर मागं राहिला. मेंढरं चारत तो नदीच्या अंगानं जायचा आणि छावणीचे निरोप इकडचे तिकडं न्यायचा. कुणाला संशय यायचा नाही, कारण मेंढक्याकडं कोण बघतो?

एका दुपारी पिंजारी गोरेगावहून धावत आला. धनुकली खांद्यावरच होती, धापा टाकत होता. सासूबाई दारात सूत कातत बसल्या होत्या.

"माय, पोरगं कुठं हाय?"

"माळावर. काहून?"

"गोरेगावात खाकीवाले बसलेत. मी वट्ट्याखाली कापूस पिंजत व्हतो, त्यायचं बोलणं आयकलं. मेंढकं पोरगं निरोप नेऊन राहिलं म्हणतात. आत्ताच्या आत्ता त्याला नदीपार धाडा."

सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना धावणं जमणारं नव्हतं. मी नवी सून, आणि एकटी माळावर धावत जाणं तेव्हा होण्यासारखं नव्हतं. पिंजाऱ्यानं आमच्या दोघींकडं बघितलं, धनुकली आमच्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "मीच जातो."

तो गेला. वावरात खुरपणाऱ्या बायांनी त्याला माळाकडं जाताना पाहिलं. आणि थोड्याच वेळानं त्याच बायांनी खाकीवाल्यांची घोडी दुसऱ्या अंगानं त्याच माळावर चढताना पाहिली. दिराला त्यांनी धरलं, चावडीपुढं आणून गावादेखत मारलं. सासूबाई मधे पडल्या तर त्यांना ढकलून दिलं. घरी आणलेला दीर उठून बसला नाही. चार घरचे काढे झाले, अंगाला हळद-तेल झालं. थोड्याच दिवसांत तो गेला.

तो गेला त्याच्या आधीच गावानं ठरवून टाकलं होतं. पिंजाऱ्यानं बोट दाखवलं. पिंजारी आधी माळावर गेला, मागून घोडी आली, मग आणखी काय पाहिजे?

मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, आपण सांगू या की. तो तर वाचवायला गेला व्हता."

त्यांनी माझं मनगट धरलं. "कोणाला सांगशील? गावाला सांगितलं का सांजच्याला गोरेगावात कळतं. पिंजाऱ्यानं बातमी दिली म्हणून त्यायला कळलं, तर ते त्याला जित्ता ठेवत्याल का? एक लेकरू गेलं माहं. त्या माणसाला मी माह्या तोंडानं मारू का?"

त्यामुळं आम्ही गप्प राहिलो. बोललो तर खाकीवाले त्याला मारणार होते, आणि न बोलल्यानं गाव त्याच्यावर दात धरून बसलं. पिंजाऱ्याला कोणी काम देईना. चाची विहिरीवर आली की बाया दोर आवरायच्या. ती मला काही म्हणाली नाही. फक्त एकदा बोळात मला म्हणाली, "तुमी गप हाव, ते काहून, मला समजतं."

उन्हाळ्यात नदीचं पाणी आटलं तेव्हा सासूबाई आणि मी भाकरी बांधून छावणीत गेलो. आंब्याच्या झाडाखाली माणसं बसली होती. धन्यांना मी ओळखलंच नाही आधी. दाढी वाढलेली, खांद्याला बंदूक. तिथं एक वयस्क पुढारी बोलत होते. त्यांचा आवाज घसा बसल्यासारखा होता, पण प्रत्येक शब्द कळत होता. आपल्या राज्यात कोणी कोणाचा धनी असणार नाही, असं ते म्हणाले. राव आणि रंक, बाई आणि पुरुष, हिंदू आणि मुसलमान, सगळे बरोबरीचे. मी असलं बोलणं कधी ऐकलं नव्हतं. बाई आणि पुरुष म्हणाले तेव्हा मला वाटलं, आपल्या ऐकण्यातच काही चूक झाली.

सभा उठल्यावर धनी आईजवळ येऊन बसले. आईला बिलगून रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "स्वराज्य आल्यावर पयला त्या पिंजाऱ्याचा हिशेब."

"तसं न्हाई ते," माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुला काय कळतं? गावानं पाह्यलंय."

आजूबाजूला पाच-सहा गावची माणसं होती. दीर निरोप नेतो ही बातमीसुद्धा कुठल्या तरी अशाच घोळक्यातून फुटली असणार. सासूबाईंनी पदराआडून माझा हात दाबला. मी गप्प झाले. परत येताना वाळूतून चालताना त्या एवढंच म्हणाल्या, "दम धर. दिवस येईल."

तो दिवस भादव्यात आला. गणपती पाण्यात जायच्या सुमाराला. ज्वारी डोक्यावर गेलेली, रस्त्यांना गुडघाभर चिखल. गोरेगावहून एक माणूस ओरडतच आला की हिंदुस्थानची फौज आली, मोठ्या रस्त्यानं मोटारींमागं मोटारी चालल्यात, खाकीवाले कपडे फेकून पळून राहिले. लोक घराबाहेर आले. कोणी हलगी काढली, कोणी गुलाल. सासूबाई घरात दिराच्या घोंगडीवर बसून होत्या. मी त्यांना उठवलं नाही. मला आनंद झाला होता, तो खोटा नव्हता. आता खरं बोलता येईल, एवढंच माझ्या मनात होतं.

बोलायला सवड मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडं धूर दिसला. खाकीवाले तर पळाले होते, मग धूर कसला? दुपारपर्यंत कळलं. खाकीवाल्यांनी जे केलं त्याची फेड चालली होती, आणि ती ज्यांनी केलं त्यांच्यावर नव्हती. जे घरात सापडले त्यांच्यावर होती. विणकर, तांबोळी, बागवान. ज्यांना पळून जायला दुसरं कुठलं गाव नव्हतं ते.

तिसऱ्या दिवशी सकाळी भुरभुर पाऊस होता. चाची बोळात येऊन उभी राहिली. लेकीला तिनं पदराखाली घेतलं होतं. पोरगी रडत नव्हती. "माय," चाचीनं सासूबाईंना हाक मारली, "कुठं जाऊ?"

सासूबाईंनी वाडग्याच्या तोंडाची काटेरी झापडी ओढली. "आत ये. त्याला बी आण."

तिघं छपराखाली मेंढरांच्या मागं जाऊन बसले. मेंढरं आधी बुजली, मग त्यांच्या अंगाला अंग लावून उभी राहिली. मी भाकरी नेऊन दिली. पोरगी पाणी मागू लागली तेव्हा सासूबाईंनी आमच्या रांजणातला तांब्या भरून तिच्या हातात दिला आणि ती पिईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. त्या घरात तसं कधी झालं नव्हतं. मी बघत राहिले, त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

दुपार व्हायच्या आत गलका ऐकू आला. पन्नासेक माणसं असतील नाहीतर जास्त. अर्धी आमच्या गावची, अर्धी मी कधी न पाहिलेली. कुऱ्हाडी, काठ्या, एकाकडं बंदूक. आणि सगळ्यांच्या पुढं बांबूला झेंडा बांधून माझे धनी. किती महिन्यांनी दिसत होते.

सासूबाई झापडीला पाठ लावून खाली चिखलातच बसल्या होत्या. धन्यांनी झेंडा दुसऱ्याच्या हातात दिला, आईच्या पाया पडले. मागून एक अनोळखी माणूस कुऱ्हाड घेऊन पुढं आला.

"पिंजाऱ्याचं घर रिकामं हाय. चूल गरम हाय. लांब गेले न्हाईत."

धन्यांनी बोळाकडं बघितलं, वाडग्याकडं बघितलं, मग आईकडं. त्यांना कळलं.

"आई, सरक."

"काहून?"

"आत पाह्यचंय."

"आत मेंढरं हाईत. माही हाईत."

"आई, तुहा लेक मेलाय!"

"माहा लेक मेला हे तू मला सांगून राहिलास?" सासूबाईंचा आवाज चढला नाही. "त्याच्या तोंडात पाणी म्या घातलंय. तू न्हाई."

कुऱ्हाडवाला म्हणाला, "म्हातारीला उचला." कोणी पुढं झालं नाही, पण कोणी मागंही सरलं नाही. गर्दी हळूहळू दाटत चालली होती. मला एवढं दिसत होतं की आणखी एक जण बोलला तर सासूबाईंना बाजूला ओढतील, आणि मग पुढचं कोणाच्याच हातात राहणार नाही.

मी ओट्यावरून खाली उतरले. पदर डोक्यावर होता की नाही, आठवत नाही. गावातल्या मोठ्या माणसांपुढं मी कधी तोंड उघडलं नव्हतं, नवऱ्याशी चारचौघांत बोलले नव्हते. माझा आवाज मला परका वाटला.

"त्यानं बोट न्हाई दावलं. तो गोरेगावहून धावत आला, खाकीवाले येऊन राहिले म्हणून सांगाया. आत्याबाई व्हत्या, मी व्हते. त्याची धनुकली आपल्या वट्ट्यावर व्हती. आमाला जाता येईना म्हणून तो माळावर गेला भावजींना आणाया. बोललो असतो तर त्याला मारलं असतं त्यायनं, म्हणून आमी गप राहिलो."

"बायकोला आवर रे," कुऱ्हाडवाला धन्यांना म्हणाला. काही जण हसले.

धनी माझ्याकडं बघत नव्हते. मी दोन पावलं पुढं झाले. "आंब्याखाली काय सांगत व्हते तुमचे पुढारी? बाई अन् पुरुष बराबर. हिंदू-मुसलमान बराबर. म्या बी आयकलंय. मग माहं एवढं आयका. आत जाऊन त्यालाच इचारा. अन् मग काय करायचं ते करा."

धनी वाकले, आईला काखेत धरून उभं केलं आणि झापडी उघडून एकटेच आत गेले. कुऱ्हाडवाला मागं निघाला तर मी झापडीत उभी राहिले. मला ढकलायला त्याला वेळ लागला नसता. का ढकललं नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

आत पिंजारी उठून उभा राहिलेला मला दिसला. अंगाला भुसकट आणि लेंड्या चिकटलेल्या. तो म्हणाला, "मारायचं आसंल तर पयले लेकीला बाहेर न्या."

"माळावर काहून गेला व्हतास?"

"पोराला आणाया."

"मंग आणलं काहून न्हाई?"

"मी लांबून आवाज देला. त्यानं आयकला. हात केला मला. तेवढ्यात घोडी आली. मी नाल्यात पडलो, करवंदीच्या जाळीमागं. तिथून दिसत व्हतं सगळं." त्यानं धन्यांकडं बघितलं. "उठाया पायजे व्हतं मालक. म्या उठलो न्हाई. भ्यालो."

धनी त्याच्याकडं बघत राहिले. मला वाटतं, गावानं सांगितलेलं खोटं तिथं गळून पडलं. आपला जीव वाचवायला खोटं बोलणारा माणूस स्वतःबद्दल असं सांगत नाही.

ते बाहेर आले. झापडी लावली. ज्याच्या हातात झेंडा दिला होता त्याच्याकडून तो परत घेतला आणि बांबू झापडीपाशी चिखलात रोवला.

"हाईत," ते म्हणाले. "तिघं बी आत हाईत. माह्या घरात हाईत."

"अन् तुहा भाऊ?" कोणी तरी ओरडलं.

"माहा भाऊ माहा हाय. त्याच्या नावानं दुसऱ्यानं कुऱ्हाड उचलायची न्हाई."

मग शिव्या झाल्या. एक दगड आला, तो धन्यांच्या खांद्याला लागला. ते हलले नाहीत. बंदूक त्यांच्या खांद्याला होती, ती त्यांनी हातात घेतली नाही, पण ती आहे हे सगळ्यांना दिसत होतं. गर्दीनं मग सोपं ते केलं. ती बोळ ओलांडून पिंजाऱ्याच्या घरात शिरली. भांडी, गाद्या, कापसाचे गठ्ठे, दाराची फळी, सगळं बाहेर येऊ लागलं. गवताचं छप्पर ओलं होतं म्हणून पेटलं नाही. धन्यांना तिकडं धावता येईना, कारण झापडी सोडली तर इकडं कोण? आम्ही तिघं उभं राहून ऐकत होतो. धनुकलीची तात तोडल्याचा आवाज झाला, झणकन. आत पिंजाऱ्याची लेक पहिल्यांदा रडली.

लुटणाऱ्यांत आमचे चुलत सासरेही होते. चाचीची घुगऱ्या शिजवायची कढई काखेत मारून ते माझ्यासमोरून गेले.

दोन-तीन दिवसांनी फौजेची एक मोटार गावात आली, कोणी कोणाला हात लावायचा नाही अशी शिपायांनी दवंडी दिली, आणि भीती ओसरली. चावडीवर झेंडावंदन ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी धनी पाटलाकडं गेले आणि म्हणाले, पिंजाऱ्याचं ज्यानं जे नेलं ते आधी परत येऊ द्या.

पाटील म्हणाले, "झालं ते झालं. आता स्वराज्य हाय. कशाला उकरता?"

"स्वराज्य हाय म्हणूनच म्हणतो," धनी म्हणाले आणि घरोघर फिरले. दाराची फळी चुलत सासऱ्यांच्या गोठ्यात सापडली. ती त्यांनी स्वतःच्या खांद्यावर भर गावातून आणली. कढई आली, एक-दोन रजया कोणी तरी पहाटे आमच्या अंगणात टाकून गेलं. बाकी काही आलं नाही. त्या दिवसापासून भावकीनं आमच्याशी बोलणं सोडलं. ज्वारीच्या सुगीला आमच्या खळ्यावर माणूस मिळेना. मी, धनी आणि पिंजाऱ्याचं घर, आम्हीच कणसं खुडली, आम्हीच मळलं.

झेंडावंदनाला धन्यांनी पिंजाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "मी मागं उभा ऱ्हातो." धनी म्हणाले, "मागं न्हाई, माह्या बाजूला." तो येऊन उभा राहिला. सगळा वेळ त्यानं मान वर केली नाही. आम्ही बाया नेहमीसारख्या भिंतीकडेला होतो.

पुसाच्या महिन्यात पिंजाऱ्याच्या घरानं गाव सोडलं. हिंगोलीला चाचीचा भाऊ होता, त्याच्या आसऱ्यानं. धन्यांना ते फार लागलं. "मी असताना तुमाला काय भ्याव हाय?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. पिंजारी हात जोडून नुसता हसायचा. सेनगावपर्यंत आमची बैलगाडी द्यायचं ठरलं, आणि मी हट्टानं बरोबर गेले.

वाटेत एका विहिरीपाशी बैल सोडले. धनी आणि पिंजारी बैलांना पाणी पाजत होते. मी चाचीला विचारलं, "खरंच काहून जाता? आता तर सगळं मिटलं."

ती लेकीची वेणी घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "बाई, तुमी वाचवलं. अल्ला तुमचं भलं करो. पण रोज सकाळी उठून मी तुमच्या दाराकडं पाह्यते, तुमी घरात हाव का न्हाई. तुमी बाजाराला गेलात का माझी चूल पेटत न्हाई. असं किती दिवस ऱ्हायचं माणसानं?"

आम्ही काही वाईट केलं नव्हतं, तरी ते ऐकून माझे कान तापले. छावणीतल्या त्या पुढाऱ्यांचे शब्द मला पाठ होते. ते दुसऱ्या बाजूनं कसे दिसतात, हे मी त्या विहिरीवर पहिल्यांदा पाहिलं.

सेनगावला त्यांना हिंगोलीकडं जाणारी दुसरी गाडी मिळाली. सामान हलवताना धन्यांनी पिंजाऱ्याला मिठी मारली. लोक बघत होते. पिंजारी आधी अवघडला, मग त्यानंही हात टाकले. चाचीनं माझ्या दोन्ही गालांवरून बोटं फिरवून आपल्या कानशिलावर मोडली.

परतताना मी चाचीचं बोलणं धन्यांना सांगितलं, शब्दाला शब्द. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग गाडीतून उतरले आणि गाव येईपर्यंत बैलांच्या बरोबरीनं पायी चालत राहिले.